लॅक्स्टनच्या खुंट्या

जाहीर झालेला विषय 'गावाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात' असा आहे, आणि त्याकडे मी येणार आहे. पण आधी इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन या गावाला जाऊ. तुमच्या हातात जो नकाशा दिलाय तो मार्क पीअर्स या भूमापकाने १६३५ साली काढला. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात शेतातली एकेक पट्टी वेगळी दाखवली आहे आणि अधूनमधून नांगरणारी, कापणी करणारी, शिकारीला निघालेली माणसंही आहेत. नकाशा बघताना बहुतेक जण शिकाऱ्यांकडेच बघत बसतात. आज आपण पट्ट्यांकडे बघू.

इंग्लंडातल्या बहुतेक गावांतली अशी खुली शेतं, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांत वाटलेली, कुंपण नसलेली मोठी शेतं, संपली. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० च्या वर कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात घातली. लॅक्स्टनमध्ये मात्र वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी शेतं अजून एकत्र कसली जातात. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक किंवा गवताखाली, आणि दरवर्षी हे चक्र एक घर पुढे सरकतं. पट्टी-पट्टीमध्ये कुंपण नाही. ज्या उतारांवर आणि ओलसर खोलगटांत नांगर चालत नाही तिथे गवत राखतात, त्याला तिथले लोक 'साइक' म्हणतात.

आता माझा आवडता भाग. कुंपण नाही म्हटल्यावर बांध कोरणारे निघणारच. हसू नका, तुमच्यातही दोनचार असतील! या चुकीची सुरुवात फार साधी असते. पट्टीच्या टोकाला नांगर वळवताना शेवटचा तास, म्हणजे नांगराची रेघ, गवतात जातो. पुढच्या पाळीत त्याच तासाला आधार धरून आणखी एक. एक तास म्हणजे जेमतेम वीतभर, पण तासामागून तास गेले की साइक किंवा रस्ता अरुंद होतो, आणि मूळ कड कुठे होती यावर वाद घालायला कुणाकडेच काही उरत नाही. बैलांच्या काळात हे हळू होई. ट्रॅक्टरमागे चारपाच फाळ लागले की एका फेरीत होतं.

यावर गावाचा उपाय म्हणजे ज्युरीचा दिवस. नोव्हेंबरच्या अखेरीस, गहू पेरून झाल्यावर, ज्युरी, म्हणजे शपथ घेऊन शेतं तपासणारी गावकरी मंडळी, आणि तिचा म्होरक्या डव्हकोट इन या गुत्त्यापाशी जमतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतावर जातात. तपासायचं फक्त त्या वर्षीचं गव्हाचं शेत, म्हणजे प्रत्येक शेताची पाळी तीन वर्षांनी येते. हीच वेळ का? जमीन नुकतीच नांगरलेली असते, म्हणून ताजा तास उघडा दिसतो. पीक वाढलं की तोच तास झाकला जातो. मंडळी गट पाडून हिंडतात, कड बघतात, फावड्याने जागा करून लाकडी खुंट्या ठोकतात. खुंटीच्या पलीकडे नांगरायचं नाही. चर साफ आहेत का, तेही बघतात. इथली माती भारी चिकण, चर तुंबला की गव्हाच्या मुळाशी पाणी साचतं आणि त्रास शेजाऱ्याला होतो. मग गुत्त्यात जेवण, आणि जेवणानंतर दोषींची यादी. आठवड्याभराने, डिसेंबरच्या सुरुवातीला, कोर्ट लीट, म्हणजे गावचं जुनं न्यायालय, बसतं. तिथे दंड होतो आणि पुढच्या वर्षीची ज्युरी शपथ घेते. दंड किरकोळ असतो, पण नाव सगळ्यांसमोर वाचलं जातं. १९७७ च्या कायद्याने असल्या बहुतेक जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचं कामकाज चालू ठेवण्याची त्यात खास सोय होती.

जाता जाता एक गंमत. तिकडच्या मोजणीची गुंटर साखळी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची. क्रिकेटची खेळपट्टी तेवढीच. आपल्याकडे मुंबई इलाख्यात मोजणीला ३३ फुटांची साखळी होती, बरोबर तिच्या निम्मी, आणि तिचा चौरस म्हणजे आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर त्यातूनच जुळतो. तर सातबारा वाचताना...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. मूळ विषय.

माझं म्हणणं एवढंच की म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून 'पूर्वी कसं होतं?' असं विचारू नका. उत्तर ठरलेलं येतं: पूर्वी एकी होती, बर्फ जास्त पडायचं. त्यांच्यापुढे १:२५०० चा नकाशा पसरा, किंवा शेतावर चालवा. कुठली खुंटी कोणी ठोकली, चर कोणी उपसला, ट्रॉली कुठल्या वाटेने गेली, असं कामाचं विचारा. जागा आणि कामाचा क्रम माणसाला पक्का आठवतो, सालं चुकतात. म्हणून साल विचारू नका, ठाऊक असलेल्या घटनेच्या आधी की नंतर ते विचारा. लॅक्स्टनसाठी टप्पे सोपे आहेत: १९४७ चा कडक हिवाळा, १९५२ साली तिथले जमीनदार अर्ल मॅन्व्हर्स यांच्याकडून शेतीखात्याने घेतलेली जमीन, १९८१ ची क्राउन इस्टेटकडची, म्हणजे राजगादीच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडची, बदली, २०२० मध्ये पुन्हा मॅन्व्हर्स घराण्याच्या थोर्सबी इस्टेटकडे. प्रत्येक मुलाखत कोर्टाच्या नोंदींशी ताडून पाहा. नोंदीत दंड सापडतो, भांडण सापडत नाही. ते मुलाखतीतून येतं.

दुसरं, लॅक्स्टन वाचलं ते परंपरेच्या प्रेमामुळे, हे माहितीफलकी वाक्य सोडून द्या. दोन मोठ्या जमीनदारांच्या पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांचं अदलाबदलीवर जमलं नाही. दोघांचं जमलं असतं तर आज लॅक्स्टनवर बोलायला काही नसतं. आठवणी सांगणाऱ्यांना हे कारण विचारा, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल, ते सगळं लिहून घ्या.

साइकच्या गवताचा लिलाव राहिलाच. तो उन्हाळ्यात असतो. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारा.