मासा पायाखाली असतोय, आणि आम्ही गळ टाकतोय लांब

नमस्कार. आधीच सांगून टाकतो, मला पाऊण तास दिलेला, त्यातली वीस मिनिटं सत्कारात गेली. शाल घेतली, नारळ घेतला, बुके नको नको म्हणताना घेतला. प्रास्ताविकात सांगितलं की आजचे पाहुणे बासवर बोलणार, तर मागून एका आजोबांनी विचारलं, बासरी वाजवणार काय ओ? नाही हो आजोबा. बास हा मासा आहे. हसा हसा, मला सवय झालीय. आमच्या घरात मी जेवताना बास माशाची गोष्ट काढली की ही वाढायचंच थांबते, म्हणते तुम्हीच बास म्हणालात न्हवं.

बाहेर बोर्डावर लिहिलंय 'सुट्टीतल्या गर्दीच्या तलावावर बास मासेमारी, नवशिक्यांसाठी सूचना'. सूचना शेवटी सांगतो, आधी थोडं बोलतो, कारण मला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती सूचनांसारखी सांगितली तर कुणी ऐकत नाही. गर्दी झाली म्हणून मासा तलाव सोडून जात नाही. जाणार कुठं, त्याला काय गोकाकात मावशी आहे? तो फक्त सरकतोय. आणि बऱ्याचदा सरकून आपल्याच पायाखाली येऊन बसतोय.

आता आमच्या हिडकल धरणात बास कुठंय असं विचारणारे इथं चारजण तरी आहेत, मला तोंडं दिसायलीत. नाही, हिडकलला बास नाही, राकसकोपला नाही, मलप्रभेत तर नाहीच. हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा. त्याच्यात जाती बऱ्याच, पण प्रसिद्ध तो लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा, जबडा डोळ्याच्याही मागं गेलेला. पण स्वभाव बघाल तर आमची मरळ. मरळ कशी, गवतात नाहीतर बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी हलायची नाही असं बसून असते, आणि बेडूक समोरनं गेला की झडप. पिल्लांची राखणसुद्धा दोघं करतात, बासमध्ये नर घरट्यावर पहारा देतोय आणि मरळ पिल्लांच्या लालसर पुंजक्याखाली फिरत असते. एक फरक लक्षात ठेवा, मरळ वर येऊन हवा घेते, बासला ते जमत नाही, म्हणून उन्हाळ्यात पाणी तापलं की तो सावली नाहीतर खोली शोधतोय. माझं अर्धं भाषण ह्या एका वाक्यात झालं बघा, पण तुम्ही अजून बसलाय म्हणून बोलतो.

हा मासा लोकांना किती वेडं करतोय ते सांगतो. १९३२ सालची २ जून, अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य, मंदीचा काळ. जॉर्ज पेरी नावाचा वीस वर्षांचा गरीब शेतकरी पोरगा एका तळ्यावर गेला आणि त्यानं २२ पौंड ४ औंसाचा बास काढला, म्हणजे दहा किलोच्या वर. जागतिक विक्रम. आणि त्यानं त्या माशाचं काय केलं? घरी नेला आणि खाल्ला. शहाणा माणूस! त्यानंतर ७७ वर्षं कुणाला त्याला गाठता आलं नाही. २००९ साली जपानमधल्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता नावाच्या माणसानं पेरीच्यापेक्षा एक औंसभर जास्तीचा मासा काढला. पण नियम असा की विक्रम मोडायला दोन औंस तरी जास्त पाहिजेत, म्हणून दोघांची बरोबरी धरली. वर त्या कुरिताला लाय डिटेक्टरवर बसवला. मासे पकडणाऱ्याला लाय डिटेक्टर! आमच्याकडं हे सुरू केलं तर रविवारी संध्याकाळी कुणी घरी जायचं नाही.

जपानला बास आपणहून पोहत गेला नाही हां, १९२५ साली नेऊन सोडला, आणि तिथल्या स्थानिक माशांना त्याचा भारी त्रास झाला. आमच्याकडं चिलापीचं तेच, आफ्रिकेतला मासा, १९५२ ला भारतात आणला, आता कुठल्या तळ्यात नाही ते सांगा. तेव्हा अमेरिकेतनं कुणी पिशवीतनं बास आणायचं मनात आणू नका. असूंदे, मुद्द्यावर येतो.

आमची मुलगी त्याच जॉर्जियात, अटलांटाजवळ असते. तिथनं लेक लॅनियर जवळ. चॅटाहूची नदीवर ब्यूफर्ड धरण बांधून केलेला तलाव, म्हणजे आमच्या घटप्रभेवरच्या हिडकलसारखाच, मात्र किनारा ११०० किलोमीटरचा, इतके फाटे आणि खाचा. आम्ही गेलो ते नेमकं ४ जुलैला, त्यांचा स्वातंत्र्यदिन. जावईबापूंनी काठावर एक घर भाड्यानं घेतलं होतं, समोर लाकडी धक्का, डॉक म्हणतात. आदल्या रात्री जावईबापू म्हणाले, बाबा, पहाटे पाचला गळ पाण्यात पाहिजे. मी साडेचारला आंघोळ करून तयार. मग ही उठली. आणि म्हणाली, उपाशीपोटी कुठं निघालाय, चार पुऱ्या तळते.

चार पुऱ्या! पुरीभाजी झाली, इथनं नेलेला कुंदा निघाला, मुलांना उठवणं, एकाची चप्पल सापडेना, शेजारचे एक तेलुगू कुटुंब येणार म्हणून थांबणं, आणि डॉकवर पोचायला अकरा वाजले. अकरा! तोवर तलावावर काय गर्दी म्हणता. होड्या, गाणी, तरंगत्या गाद्या, आणि त्या पाण्यातल्या मोटारसायकली असतात न्हवं, जेट स्की, त्या तर घूं घूं करत माणसाच्या नाकासमोरनं. मला सौंदत्तीची पौर्णिमा आठवली, फक्त भंडारा तेवढा नव्हता.

जावईबापूंकडं सात रॉड आणि आमिषांचा एक डबा, दातांच्या डॉक्टरचा ट्रे असतो तसा. त्यांनी सुरू केलं. धावत यायचं, आणि फास्ट बॉलरसारखं लांबात लांब फेकायचं. ओढून घ्यायचं. परत फेकायचं. तास दीड तास हेच. एकदा लाईनवरनं जेट स्की गेली, तो माणूस ओरडला, हे ओरडले, मी कानडीत ओरडलो, कुणाचं कुणाला कळलं नाही. आणि समोर मध्यावर होडीत एकजण उभा होता, तो काय करायलाय बघितलं तर तो त्याच्या गळाला जोर लावून काठाकडं फेकायला लागलेला. काठावरचा मध्यात टाकतोय आणि मध्यातला काठाकडं!

मी आपला कडेला बसलेलो. खानापूरकडं शाळेत असताना मलप्रभेत बांबूच्या काठीनं आणि गांडुळानं मासे धरलेला माणूस मी, मला ते फेकणं येत नाही. ही पुरी खायलेली, चुरा फळ्यांच्या फटीतनं खाली पडायचा. थोड्या वेळानं म्हणते, अहो, खाली बघा की. मी पालथा झोपून फटीला डोळा लावला. खाली तळहाताएवढे चपटे मासे, ब्लूगिल म्हणतात त्यांना, पुरीच्या चुऱ्यावर जत्रा करून जमलेले. आणि जरा खाली, खांबाच्या सावलीत, हिरवट काळी एक लांब सावली. हलत नव्हती. त्या पुरीशी तिला काही घेणंदेणं नव्हतं, तिचं लक्ष पुरी खाणाऱ्यांवर. मला अंगावर काटा आला. वर एवढा धिंगाणा, पोरं दणादणा उड्या मारायलेली, आणि हा गडी आमच्या बुडाखाली बसलाय.

मी कुणाला काही बोललो नाही. सगळ्यात हलका रॉड घेतला, एक रबरी गांडूळ मधोमध गळाला अडकवलं, आणि फेकलं नाही, नुसतं सोडलं. दोन्ही टोकं थरथरत ते खाली गेलं. दोरी सैल होती ती हळूच तिरकी चालायला लागली. आता थांबायला पाहिजे होतं एक क्षण, मी थांबलो, खरंच थांबलो, मग ओढलं. रॉड वाकला तो असा. मासा सरळ खांबाकडं गेला, मी ताण दिला, आणि टप्. संपलं. वर काय आलं? नुसती दोरी, आणि तिचं टोक कुरळं, डुकराच्या शेपटासारखं.

टोक कुरळं आलं की समजायचं, दोरी तुटलेली नाही, गाठ सुटली. जावईबापू सभ्य आहेत, काही बोलले नाहीत. हिनं विचारलं, गाठ कुणी मारली होती? आता ती मी मारली होती. कोरडी. ही गोष्ट बेळगावात मी यायच्या आधी पोचली, हळदीकुंकवाला मी घरात नसतोय पण माझी गाठ असते.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता साडेपाचला एकटा गेलो. पाण्यावर धुकं, एक होडी नाही. त्याच डॉकखालनं एक काढला, वीतभर असेल, स्पॉटेड बास, लॅनियरला हेच जास्त. सोडून दिला परत. फोटो नाही. पेरीचा पण नव्हता बरीच वर्षं.

लायसन? होय, विचारलंत ते बरं झालं. जॉर्जियात सोळा वर्षं पुरी झालेल्या सगळ्यांना लायसन लागतं, पाहुण्यालासुद्धा, ते ऑनलाइन मिळतं. आम्ही सीमाभागातली माणसं, दोन राज्यांचे कागद फायलीत घेऊन फिरतो, मला वाटलं मला कोण शिकवणार. पण तिथं एका तलावाचा नियम शेजारच्या तलावाला लागेलच असं नाही, किती इंचाच्या खालचा मासा सोडायचा ते सुद्धा बदलतं. त्यावरनं मला एक आठवलं, आमच्या लहानपणी... काय? चिठ्ठी आली. 'सात मिनिटे'. बरं. अक्षर छान आहे. सूचना सांगतो, लिहून घेणाऱ्यांनी भराभरा घ्या.

वेळ. उजाडायच्या आधी पोचा, आठ-साडेआठला होड्या सुरू झाल्या की उघड्या पाण्यातलं काम संपलं असं धरा, मग संध्याकाळी परत. जमत असेल तर सुट्टीच्या दिवशी जाऊच नका, मंगळवारी जा. जमत नसेल, आणि तुम्हाला जमणार नाही कारण सोबत घरातले आठजण आहेत, तर दिवसभर सावली धरा. डॉकखाली, पडलेल्या झाडाशी, पुलाच्या खांबाशी, गवताच्या कडेला. जिथं बोया टाकून होड्यांना हळू जा म्हणून लिहिलंय त्या खाचेत आत आत जा, तिथं लाटा कमी.

आणि लाटांचा फायदा पण घ्या. होड्यांच्या लाटा काठाला आपटून माती ढवळतात, काठालगत गढूळ पट्टा होतोय. गढूळ कुठं संपतं आणि स्वच्छ कुठं सुरू होतं त्या रेषेवर गळ चालवा, लहान मासे तिथं गोंधळतात आणि बास आडोशाला उभा असतोय. हे मी एका जाणत्या म्हाताऱ्याकडनं तिथल्या धक्क्यावर शिकलो, वेळ नाही नाहीतर त्याचं पण सांगितलं असतं.

सामान. सात रॉड नको. एक साडेसहा-सात फुटाचा मीडियम रॉड, स्पिनिंग रील म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, आठ-दहा पौंडाची लाईन, म्हणजे साडेतीन-साडेचार किलोचा ताण घेणारी. रबरी गांडुळं. झुडपात टाकायचं तर गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचं म्हणजे काडीला अडकत नाही, त्याला टेक्सास रिग म्हणतात. मोकळ्या सावलीत मी केलं तसं मधोमध अडकवायचं, ते वॅकी. सोडा, बुडू द्या, दोरीकडं बघा, हाताकडं नको. बऱ्याचदा झटका बसत नाही, दोरी नुसती बाजूला सरकते नाहीतर बुडायची थांबते. गर्दीत मासा बिचकलेला असतोय, मोठं खळखळणारं आमिष नको, लहान आणि हळू.

धरायचा कसा? बासचे दात पॉलिश पेपरसारखे, खालच्या ओठात अंगठा घालून उभा धरायचा, मोठा असला तर पोटाखाली दुसरा हात द्या, जबड्यावर आडवा लटकवू नका. पण हे मरळीला करायला जाऊ नका, तिला दात आहेत, अंगठा जाईल! आणि शिंगाळ्याचे काटे तर तुम्हाला मी सांगायला नको.

गर्दीत फेकायच्या आधी प्रत्येक वेळी, प्रत्येक वेळी म्हणतो मी, मागं बघा. मागं पोरं असतात. गळाचा उलटा काटा पक्कडीनं चेपून ठेवा, माणसाच्या कानातनं सुद्धा लगेच निघतोय. होडीत लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. दुसऱ्याच्या गळासमोरनं होडी नेऊ नका, आणि तुटलेली दोरी पाण्यात टाकू नका, खिशात घाला, पाखरांच्या पायात अडकते.

आता गाठ. ही सुतळी बघा, ही किल्लीची रिंग म्हणजे गळ समजा. टोक आत घातलं, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे, टोक परत ह्या रिंगजवळच्या फटीतनं, मग जो मोठा फेरा झाला त्यातनं. आणि आता, ओढायच्या आधी, थुंकी लावा. होय, तोंडात धरा आणि ओली करा. कोरडी ओढली की घर्षणानं नायलॉन तापतंय, तिथंच कच्ची पडते. ओली करा, सावकाश आवळा, मग एक हिसका देऊन बघा. मागच्या आजोबांना दिसलं काय? परत करतो. पाच वेढे... बरोबर.

अध्यक्ष उठून उभे राहिलेत. होय सर, झालंच. पुढच्या रविवारी आम्ही हिडकलकडं निघायलोय, मरळ आणि चिलापीसाठी, मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडं आहे त्यांना विचारून ठेवलंय, तुम्ही कुठं स्वतंत्र जाणार असाल तर आधी विचारूनच जा. येणाऱ्यांनी दाराशी वहीत नाव लिहा. पहाटे साडेचारला इथनं गाडी. पुऱ्या कुणी आणणार असाल तर आदल्या रात्री तळा, आणि चुरा मला द्या.