झडप शाबूत, गळती कडेला

पडद्यावर दिसते आहे ती हृदयात बसवण्याची कृत्रिम झडप. मधल्या कड्यात कार्बनची दोन अर्धगोल पाती आहेत आणि कड्याभोवती पांढऱ्या कापडाची गोल पट्टी आहे. शल्यचिकित्सक टाके घालतात ते या पट्टीतून, आणि त्या टाक्यांच्या आधारानेच झडप रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाला घट्ट बांधलेली राहते. आज आपल्याला पाहायची आहे ती या पट्टीची बाहेरची कड.

कधी एखादा टाका निसटतो, कधी जंतुसंसर्गाने कड पोखरली जाते, कधी कॅल्शियम साचून टणक झालेल्या जागी कापड नीट टेकतच नाही. दार व्यवस्थित उघडते आणि मिटते, परंतु चौकट आणि भिंत यांच्यामध्ये फट राहते, तशी ही अवस्था असते. प्रकाशित अभ्यासांमध्ये महाधमनीच्या जागी बसवलेल्या झडपांपैकी साधारण २ ते १० टक्के आणि मायट्रल जागी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये, बसवलेल्या झडपांपैकी साधारण ७ ते १७ टक्के झडपांच्या कडेने अशी गळती आढळल्याची नोंद आहे. त्यांतल्या बहुतेक गळत्या किरकोळ असतात आणि त्यांना हात लावावा लागत नाही. उरलेल्या थोड्या मात्र माणसाला हळूहळू खंगवतात.

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या या काकूंचे वय ५२ आहे. लहानपणी घशाच्या संसर्गामागून संधिवाताचा ताप आला, त्यात मायट्रल झडप खराब झाली आणि पुढे तरुणपणी ती बदलावी लागली. आपल्या देशात कमी वयात झडप बदलावी लागणाऱ्यांपैकी अनेकांची कहाणी घशाच्या अशाच दुखण्यापासून सुरू होते. शस्त्रक्रियेनंतर काकूंची बरीच वर्षे चांगली गेली. रक्त पातळ ठेवणारी गोळी कधी चुकली नाही, रक्त किती पातळ आहे हे सांगणारी आयएनआरची तपासणी वेळच्या वेळी होत राहिली आणि खंडेराव मार्केटमधून भाजी आणण्याचे कामही त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवले नाही. अलीकडे मात्र घराचा जिना चढताना त्यांना मध्येच थांबावे लागू लागले. हिमोग्लोबिन कमी निघाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी ते वर येईना.

रावपुऱ्यातल्या एका डॉक्टरांनी त्यांना एकच साधा प्रश्न विचारला, "काकू, लघवीचा रंग कसा असतो?"

"सकाळी अगदी काळपट होते हो," काकू म्हणाल्या, "पण ते काय सांगायचं, म्हणून बोलले नाही."

या उत्तरात निदानाचा अर्धा भाग होता. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर रक्ताची बारीक चिळकांडी त्या फटीतून अतिशय वेगाने मागे फिरते, कापडाच्या आणि धातूच्या कडेवर आपटते, आणि तांबड्या पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींमधले रंगद्रव्य लघवीत उतरते, डोळे पिवळसर दिसू लागतात आणि रक्तातील एलडीएच या घटकाचे प्रमाण वाढते. येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे, कारण ती घरच्यांच्याच नव्हे, तर कधी कधी वैद्यकीय लोकांच्याही नजरेतून सुटते. फट मोठी असली की हृदयावर भार पडून धाप लागते हे सहज लक्षात येते. परंतु फट अगदी लहान असूनही तिच्यातून जाणाऱ्या रक्ताचा वेग इतका असू शकतो की पेशी फुटण्याचा त्रास तीव्र होतो आणि रुग्णाला पुन्हा पुन्हा रक्त द्यावे लागते. म्हणूनच कृत्रिम झडप असलेल्या माणसाचा पंडुरोग, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, औषधाने हटत नसेल, तर झडपेची कड तपासल्याशिवाय थांबू नये.

ही तपासणी छातीवरून केलेल्या इकोत, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणाऱ्या तपासणीत, पुरी होत नाही. धातूच्या झडपेची सावली पडते आणि मायट्रल झडपेमागची गळती नेमकी त्या सावलीत लपते. त्यासाठी इकोची नळी तोंडावाटे अन्ननलिकेत उतरवतात, कारण अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अगदी लागून जाते. त्रिमितीय इकोत झडपेचे कडे पूर्ण गोल दिसते आणि डॉक्टर घड्याळाच्या तबकडीप्रमाणे जागा सांगतात: बाराच्या बाजूला महाधमनी, तीनच्या बाजूला दोन कप्प्यांमधला पडदा. पुढच्या कामात सर्वांनी एकच भाषा बोलावी यासाठी हे आवश्यक असते.

पुन्हा छाती उघडून टाके घालणे हा जुना आणि आजही महत्त्वाचा उपाय आहे. रुग्णाला शस्त्रक्रिया झेपणार असेल, तर अनेकदा तोच पहिला पर्याय ठरतो. झडपेवर सक्रिय जंतुसंसर्ग असेल, किंवा कड्याचा मोठा भाग सुटून झडपच डुलत असेल, तर कॅथेटरचा, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत सरकवलेल्या बारीक नळीचा, मार्ग धरताच येत नाही. मात्र पहिल्या शस्त्रक्रियेचे व्रण, वय आणि दुबळे झालेले हृदय यांमुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेचा धोका फार वाढलेला असतो, तेव्हा अशा नळीने जांघेतून जाण्याचा विचार होतो. बॉस्टनच्या डॉक्टरांनी छत्रीसारख्या उपकरणाने अशा गळत्या बंद केल्याचा अहवाल १९९२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि हा मार्ग तेव्हापासून हळूहळू रुळत गेला.

कॅथलॅबमधले, म्हणजे अशा नळ्यांनी उपचार करण्याच्या खोलीतले, हे काम सहसा पूर्ण भूल देऊन केले जाते. जांघेतील शिरेतून नळी उजव्या वरच्या कप्प्यात पोहोचते, तेथून सुईने मधल्या पडद्याला छिद्र पाडून ती डाव्या कप्प्यात नेली जाते. आता वळवता येणाऱ्या नळीचे टोक बरोबर फटीसमोर आणायचे असते. पडद्यावर पाहा: निसरडी वायर कडेवर टेकते, घसरते, पुन्हा टेकते. इको पाहणारे डॉक्टर आवाज देतात, "थोडं खाली, चारच्या बाजूला," आणि वायर चालवणाऱ्याची बोटे जेमतेम हलतात. वायर झडपेच्या मधून गेली नसून कडेच्या फटीतूनच गेली आहे याची खात्री होईपर्यंत कोणी पुढे सरकत नाही. ती खालच्या कप्प्यातून महाधमनीत गेली की जांघेतल्या धमनीकडून फासा टाकून तिचे टोक पकडतात आणि बाहेर ओढून घेतात. दोन्ही टोके हातात आल्यामुळे जाड नळी पुढे ढकलायला भक्कम आधार मिळतो. दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या अगदी जवळची फट या मार्गाने गाठणे विशेष अवघड असते. तेव्हा काही केंद्रांत छातीवर लहानसा छेद देऊन हृदयाच्या टोकाकडून जातात.

नळीतून निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची विणलेली जाळी, म्हणजेच फट बुजवणारे डिव्हाइस, बाहेर येते आणि आपला ठरलेला आकार धरते. आधी खालच्या बाजूची चकती उघडते, ती ओढून फटीवर बसवतात आणि मग वरची चकती उघडतात. फट बहुधा चंद्रकोरीच्या आकाराची असते, त्यामुळे एका मोठ्या डिव्हाइसऐवजी दोन लहान डिव्हाइस शेजारी शेजारी बसवणे पुष्कळदा सोयीचे पडते. यानंतरचा क्षण मला या संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा वाटतो. डिव्हाइस अजून तारेला स्क्रूने जोडलेले असते, आणि झडपेची दोन्ही पाती मोकळी हलत आहेत का, हे एक्स-रेवर आणि इकोवर तपासले जाते. एखादे पाते अडत असेल, तर एवढे सगळे कष्ट बाजूला ठेवून डिव्हाइस परत नळीत ओढून घेतात. पाती मोकळी असतील तरच स्क्रू सोडला जातो.

ब्रिटन आणि आयर्लंडमधील २० केंद्रांनी २५९ रुग्णांवरील ३०८ प्रयत्नांची एकत्रित नोंद २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी ९१ टक्के प्रयत्नांत डिव्हाइस बसवता आले. बसवता येणे आणि गळती पूर्ण थांबणे यांत अंतर आहे, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. पेशी फुटण्याच्या त्रासात तर थोडी उरलेली गळतीही पुरेशी ठरते, आणि क्वचित नव्या जाळीवर रक्त आपटून तो त्रास वाढतोसुद्धा. त्यामुळे घरी गेल्यावरही हिमोग्लोबिन आणि एलडीएच ठरावीक अंतराने पाहिले जातात आणि इको पुन्हा केला जातो. धातूच्या झडपेसाठीची रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर चालू राहते, आणि दात काढायचा झाला तरी आधी दंतवैद्यांना झडपेची माहिती देऊन डॉक्टरांनी सांगितलेले प्रतिजैविक घ्यावे लागते.