वरणासाठी महाहिंग

नमस्कार श्रोतेहो.

बँकॉकला जाऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि घरातला हिंग संपला. संपला म्हणजे डबी प्रवासातच फुटली होती. बायकोच्या ऑफिसच्या कपड्यांना तो पुढे महिनाभर पुरला, वरणाला मात्र चिमूटभर उरला नाही. बदली तिची झाली होती, मी नोकरी सोडून बरोबर गेलो होतो, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. तोवर माझी मजल चहा, कांदेपोहे आणि आयत्या वेळी पिठलं, एवढीच.

मोबाइलवर शोधलं, थाई भाषेत हिंगाला काय म्हणतात? उत्तर आलं, महाहिंग. मी हरखलोच. नुसता हिंग नाही, महाहिंग! कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन ऐटीत विचारलं. दुकानातल्या बाईंनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. पलीकडे औषधाचं दुकान. मला वाटलं, माझे उच्चार ऐकून घसा तपासून घ्या म्हणताहेत.

तरी गेलो. तिथल्या मुलीने काही न विचारता काचेची एक लहानशी बाटली काढून ठेवली. आत तपकिरी पाणी. बूच उघडलं आणि खरं सांगतो, डोळे भरून आले. तोच वास, आजीच्या मिसळणाच्या डब्यातला. मुलीने हसत विचारलं, बाळ किती महिन्यांचं? माझ्या मोडक्या थाईत मी म्हटलं, बाळ नाही, वरण आहे. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

तिथे हिंग स्पिरिटमध्ये विरघळवून तान्ह्या बाळाच्या पोटाला चोळतात, वात सरावा म्हणून. आपल्याकडे आज्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावतात, तेच. फक्त तिथे हिंग पाळण्यापाशी थांबला, चुलीपर्यंत आलाच नाही. ती बाटली काही फोडणीत ओतता येत नव्हती. पण मी विकत घेतली, आणि घेऊन येताना एक गोष्ट डोक्यात बसली. या देशात आपली वस्तू असते, आपण बघतो त्या फळीवर ती नसते एवढंच.

खाण्याचा हिंग अर्थात फाहुरातला मिळाला. बँकॉकमधली ही हिंदुस्थानी वस्ती. साम योत मेट्रो स्टेशनवर उतरायचं, थोडं चालायचं, गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट दिसला की आपण पोचलो. त्या रस्त्याला नाव आहे राजकन्या बाहुरदा मणिमया हिचं. राजा चुलालोंगकोर्न यांची ही लेक, लहानपणीच वारली. बाहुरदाचं थाई उच्चारात फाहुरात झालं. मुख्यतः कापडाचा बाजार, आणि त्याच्या पोटात किराण्याची दुकानं. तूरडाळ, मोहरी, कणीक, राजमा, कसुरी मेथी, सगळं मिळतं. दुकानातली शीख मंडळी आपसात सफाईदार थाई बोलतात, आपल्याशी हिंदी. पण गोडा मसाला विचारलात तर समोर गरम मसाला येतो. परदेशात 'इंडियन' म्हणजे पंजाबी, नाहीतर इडली-डोसा. मधला एवढा थोरला महाराष्ट्र कुणाच्याच फळीवर नसतो. दगडफूल, भाजणी आणि आमसुलं, या तीन गोष्टींसाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगांवर डोळा ठेवावा लागतो.

हळूहळू मी फाहुरातला महिन्यातून एकदाच जायला लागलो. बाकीची खरेदी घराजवळच्या मंडईत, तलात सोत म्हणतात तिला, म्हणजे ताजा बाजार. शहरातला मोठा बाजार ख्लोंग तोयचा, तिथे एकदा जाऊन यावं, पण रोजची भाजी तिथून आणायची म्हणजे चिखल आणि हातगाड्या चुकवत चालायची तयारी हवी. आमच्या मंडईत भाजीवालीला मी 'पा' म्हणतो. पा म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण, आपली मावशी आणि आत्या एकातच. तिथे समोरच्याचं वय बघून नातं लावायचं असतं. चाळिशीच्या बाईला पा म्हणालात तर कोथिंबीर फुकट मिळायची बंद. तिला 'फी' म्हणायचं, म्हणजे ताई. मापं खीतमध्ये. एक खीत म्हणजे 100 ग्राम. पाव किलो ही आपली लाडकी कल्पना तिथे नाही. अडीच खीत मागितलं की पा तराजूकडे बघते, मग माझ्याकडे बघते आणि तीन खीत तोलते.

या मंडईत माझी पहिली चैन म्हणजे नारळ. मी गुहागरचा, खवलेल्या नारळाशिवाय माझं पान हलत नाही. तिथे नारळवाला तुमच्यासमोर यंत्रावर खवून देतो, आणि हवं तर लगेच पिळूनही देतो. पहिला दाट रस म्हणजे हुआ काथि, नारळाच्या दुधाचं डोकं. नंतर पाणी घालून काढलेला पातळ रस म्हणजे हांग काथि, शेपूट. आई हे फोनवर ऐकून इतकी खूष झाली की काही दिवस तिने घरीही 'आज शेपूट जास्त झालं' म्हणायला सुरुवात केली. यंत्र यायच्या आधी तिथे घरोघरी खवणी असायची. बुटकं लाकडी पीठ, वर बसायचं, पुढे लोखंडी दाते. तिला क्रताय म्हणतात, म्हणजे ससा. पुढे आलेले दात बघितले की नाव पटतं. आता हे ससे जुन्या वस्तूंच्या दुकानांत दिसतात.

नारळाचं दूध इतकं सोपं झाल्यावर सोलकढी होणारच. पण आमसुलं संपलेली. 'पा'ला मी हातवारे करून सांगितलं, आंबट, वाळलेलं, काळपट, फळाचं. तिने मसाल्याच्या गाळ्यावर नेलं आणि वाळलेल्या चकत्यांची पिशवी हातात दिली. सोम खॅक. दक्षिण थायलंडमध्ये माशाच्या आंबट रश्शात घालतात. कोकमाच्याच कुळातलं फळ आहे हे, गार्सिनिया. आंबटपणा चोख, पण तो गुलाबी रंग नाही, त्यामुळे सोलकढी दिसते गढूळ पाण्यासारखी. डोळे मिटून प्यायची.

आता नाव बघा. सोम म्हणजे आंबट. खॅक म्हणजे पाहुणा, आणि खॅक म्हणजे भारतीयसुद्धा. तिथे आम्हाला सगळे खॅकच म्हणतात. आपल्या फरसबीला ते थुआ खॅक म्हणतात, खॅक लोकांची शेंग. आपण तिला फ्रेंचांच्या नावावर लावलं, थाई लोकांनी आपल्या. फरसबीला विचारलं तर ती तिसऱ्याच कुणाचं नाव सांगेल.

उपासाचं सांगतो, कारण तिथे मी सपशेल आपटलो. थायलंड कसावा या कंदाची उत्पादनं जगभर पाठवतो, या निर्यातीत त्याचा नंबर पहिला. साबुदाणा कसाव्याचाच. दाण्याचं कूट तर तयार मिळतं, त्यांच्या नूडल्सवर लागतं म्हणून. म्हटलं, खिचडीला आणखी काय हवं? आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री बारीक थाई साबुदाणा नेहमीसारखा भिजत घातला. सकाळी भांड्यात साबुदाणा नव्हता, खळ होती. पतंगाला कागद चिकटवायला उत्तम. तो दाणा कच्च्या पिठाचा, भिजवला की विरघळतो. थाई बायका नुसता पाणी दाखवून घेतात आणि उकळत्या पाण्यात सोडतात. खिचडीचा साबुदाणा तेव्हापासून फाहुरातहून.

शाकाहारी मंडळींना एक सांगून ठेवतो. नुसत्या भाजीचं सूप मागितलं तरी त्यात माशाचा सॉस असतोच, तो तिथे मिठाच्या जागी आहे. पण आपल्या नवरात्राच्याच सुमारास तिथल्या चिनी लोकांचा नऊ दिवसांचा उत्सव येतो. गाड्यांवर पिवळी निशाणं लागतात, त्यावर लाल अक्षरात 'जे'. निशाण असेल तिथे मांस, मासा, अंडं काही नाही, कांदा-लसूणही नाही. ते नऊ दिवस आमच्याकडे स्वयंपाकघराला सुट्टी.

आणि मोदक. पहिल्या गणेश चतुर्थीला उकडीचे मोदक करायचे मी ठरवलं, बायकोने ऑफिसातल्या चार जणांना बोलावलंसुद्धा. तांदळाचं पीठ तर तिथे प्रत्येक दुकानात. दोन पिशव्या होत्या, लाल आणि हिरवी, दोन्हींवर तांदळाचं चित्र. मला हिरवी प्रसन्न वाटली. उकड काढली, झाकण उघडलं आणि चमचा वर उचलला तर पातेलं बरोबर वर आलं. हिरव्या पिशवीत चिकट तांदळाचं पीठ होतं. आईला व्हिडिओ कॉल लावला. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, हे काय खळ काढलीस? परत?" मग धावत जाऊन लाल पिशवी आणली. ते पीठ फार बारीक आणि मऊ, दुसरी उकड मात्र चांगली निघाली. सारणात गुळाऐवजी नारळाच्या झाडाच्या रसाची साखर होती. ती गरम झाली की पळते, म्हणून सारण जरा कोरडं होईस्तोवर परतायचं. आता मी एक वाटी लाल पिठाला एक चमचा हिरवं मुद्दाम घालतो, मुखऱ्या काढताना पारी चिरत नाही. ती चूक अशी कामाला आली.

त्या संध्याकाळी आलेल्या थाई पाहुण्यांनी मोदक हातात घेतला, फोडून आतलं सारण बघितलं आणि एकमेकांकडे पाहून म्हणाले, खानोम तोम! म्हणजे त्यांचा एक गोड पदार्थ. चिकट तांदळाच्या पिठाची गोळी, आत नारळ आणि तीच साखर, उकळत्या पाण्यात शिजवायची आणि वरूनही खवलेल्या नारळात घोळवायची. तिथे देवांना नैवेद्य दाखवतात त्याचा, गणपतीलाही. थाई लोक गणपतीला फ्रा फिकानेत म्हणतात आणि मनापासून मानतात. छाछोएंगसाव प्रांतात त्याची 39 मीटर उंचीची उभी काशाची मूर्ती आहे. चार हातांत फणस, आंबा, ऊस आणि केळी. मंडईतून नुकताच घरी आलेला दिसतो.

तर मी हिरव्या पिठाची ती खळ फेकून दिली होती. पाहुण्यांनी चौकशी केली तेव्हा खाली मान घालून सांगावं लागलं. त्यातली एक म्हणाली, गोळ्या करून पाण्यात टाकायच्या होत्या ना.

सरतेशेवटी तोंडली. तोंडल्यांवर माझा जीव आहे, तोंडलीभातासाठी तर जास्तच. मंडईत कुठे दिसेनात. 'पा'ला फोटो दाखवला. ती म्हणाली, तामलुंग! आणि पाल्याची जुडी पुढे केली. मी म्हटलं, पाला नको, फळ. तिने विचारलं, फळ कशाला? मी जुडी हातात घेऊन पाहिली. पाच कोनांचं पान, तणावे, खरंच तोंडलीचाच वेल. तिथे त्याची कोवळी पानं सुपात घालतात, नाहीतर अंड्याबरोबर परततात, आणि फळ पक्ष्यांना सोडून देतात. आपण नेमकं उलटं करतो. मग बघतो तर वेल जिकडेतिकडे. आमच्या गल्लीतल्या रिकाम्या प्लॉटच्या कुंपणावर होता, विजेच्या खांबावर होता.

एका रविवारी पिशवी घेऊन गेलो आणि कुंपणावरची हिरवी तोंडली खुडायला लागलो. समोरच्या इमारतीचा राखणदार खुर्ची ओढून बघत बसला. चांगली पाव किलो, नव्हे अडीच खीत, निघाली. भात केला, गोडा मसाला जपून ठेवला होता तो घातला, वर खोबरं-कोथिंबीर. पहिला घास घेतला आणि दोघंही गप्प. जहर कडू. भातातून वेचून सगळी बाजूला काढली आणि भात तेवढा खाल्ला.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे शहाण्या, कुंपणावरची ती रानतोंडली, कडूच असायची. इथेही परसात कडूच आहेत, कोण खातं?" मग जरा थांबून तिने विचारलं, "पाला खातात म्हणालास का रे ते? कसा करतात?"

मी सांगितलं, कोवळे शेंडे घ्यायचे, शिजवायचे कमी.

आठवड्याने तिचाच फोन आला. परसातल्या वेलाचे शेंडे खुडून, भिजवलेली मूगडाळ आणि लसूण घालून तिने भाजी केली होती. बरी झाली, म्हणाली. मिरची जरा जास्त पडली. वर खोबरं मात्र घातलं, ते लोक घालत नसतील तरी.

नमस्कार.