ठोके मोजू नका, बोलून बघा

नमस्कार. मागे आवाज पोचतोय ना? बरं. सुरुवातीलाच एक विचारतो, ज्यांच्या छातीच्या हाडात हार्टच्या ऑपरेशनच्या तारा आहेत त्यांनी जरा हात वर करा. अरे वा, बरेच आहेत की. आता ज्यांचं ऑपरेशन गेल्या दीड-दोन महिन्यांतलं आहे त्यांनी आधी हात खाली घ्या, खांद्याच्या वर हात न्यायचे नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलंय ना, आणि मी म्हटल्याबरोबर केले वर! (हशा) आपली जमातच अशी आहे, म्हणून तर मी बोलायला आलो.

विषय बोर्डवर आहे. हार्टच्या ऑपरेशननंतर परत पळणं, सायकल, पोहणं, म्हणजे आपले ते तासन्‌तास चालणारे खेळ. पहिल्या वर्षाचं वेळापत्रक सांगायचं मी कबूल केलंय आणि ते सांगणार आहे. त्याआधी पाच मिनिटं माझं एक रडगाणं ऐका, ते ऐकल्याशिवाय वेळापत्रकाला काही अर्थ नाही. हसू नका रे, पाचच मिनिटं.

तर माझी बायपास झाली तेव्हा वय 58. काही महिन्यांनी म्हटलं आता पळायचंय, तर डॉक्टर म्हणाले टीएमटी करून घ्या, ट्रेडमिलवरची टेस्ट. एका सेंटरला गेलो, नाव सांगत नाही. त्यांनी दोन दिवस आधी बीटा ब्लॉकरची गोळी बंद करायला लावली, कारण ती चालू असली की ठोके वाढत नाहीत आणि दोष असला तर तो दिसत नाही. ठीक, रक्तपुरवठा कमी पडतोय का एवढंच बघायचं असेल तर हे बरोबर आहे. मग मशीन सुरू. 220 मधून वय वजा, म्हणे हे तुमचे जास्तीत जास्त ठोके, राहिले 162, त्याचे 85 टक्के म्हणजे 138. मी आरामात चालतोय, तिथल्या मुलीशी गप्पा मारतोय, ती कुठे शिकली वगैरे, आणि 138 आले तशी तिने मशीन बंद केली. म्हटलं अगं, मला तर अजून घामसुद्धा आलेला नाही. म्हणे टार्गेट झालं काका, उतरा.

रिपोर्टवर टेस्ट समाधानकारक. खाली पेनने लिहिलेलं, व्यायाम करताना ठोके 115 ते 130 ठेवा. मी घरी आलो, गोळी परत सुरू केली, सांगितलंच होतं तसं. आणि पुढे काय झालं ते तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माहितीये. त्या गोळीवर 115 येईनातच! चढावर जीव तोडून पळतोय, तोंडातून शब्द फुटत नाही, डोळ्यांपुढे काजवे, आणि घड्याळ सांगतंय 108, जोर लावा. गोळी बंद करून टेस्ट घ्यायची आणि त्यातून निघालेला आकडा गोळी चालू असताना वापरायला द्यायचा. हे मी दहा ठिकाणी बोललोय, अकराव्या ठिकाणीही बोलणार.

आता ते 220 वजा वय कुठून आलं, तर 1970-71 च्या सुमाराला फॉक्स आणि हॅस्केल या अमेरिकन संशोधकांनी तेव्हा छापून आलेल्या काही अभ्यासांमधले आकडे एका आलेखावर मांडले आणि त्यातून एक सरळ रेघ काढली. खेळाडूंना ट्रेनिंग द्यायला ती रेघ काढलेलीच नव्हती. पुढे 2001 मध्ये तनाका आणि मंडळींनी 208 वजा वयाच्या 0.7 पट असं सुधारून दिलं, तरी एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी साधी गोष्ट आहे. ही धडधाकट माणसांची कथा. आपल्याला त्यात गोळी आहे, आणि बिसोप्रोलॉल-मेटोप्रोलॉलवाल्यांचे, म्हणजे बीटा ब्लॉकरवाल्यांचे, वरचे ठोके वीस-तीसने सहज खाली बसतात. ज्यांचं हार्टच बदललंय त्यांचं तर अजून वेगळं, नव्या हार्टला मेंदूकडून येणाऱ्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे बसल्या जागी ठोके नव्वदीच्या आसपास आणि पळायला लागलं तरी ते पटकन वाढत नाहीत, रक्तातून अ‍ॅड्रेनलिन पोचेपर्यंत काही मिनिटं जातात. थांबल्यावर उतरायलाही वेळ लागतो. अशा माणसाने घड्याळ बघून कसं पळायचं?

मग पळायचं कशावर? दमावर. माझं एवढंच म्हणणं आहे, बाकी सगळं याच्या अवतीभवती.

पण त्याच्याआधी फाइन्ससाहेबांकडे जाऊ, कारण त्यांनी मला फार छळलंय. आपलं ऑपरेशन झालं की भेटायला येणारे दोन प्रकारचे. पहिले म्हणतात, आता बास झालं हं पळणं. दुसरे खुर्ची पुढे ओढून म्हणतात, तुम्हाला तो इंग्रज माहितीये का? हो बाबा, माहितीये. सर रॅनल्फ फाइन्स, ध्रुवावर जाणारे. जून 2003 मध्ये ब्रिस्टल विमानतळावर हार्ट अटॅक, तीन दिवस बेशुद्ध, डबल बायपास. आणि साधारण चार महिन्यांनी, वय वर्षं 59, गृहस्थ माइक स्ट्राउडबरोबर सात दिवसांत सात खंडांवर सात मॅरेथॉन पळून आले. पॅटागोनियाला सुरुवात, न्यूयॉर्कला शेवट. (अंटार्क्टिकाची मॅरेथॉन प्रत्यक्षात फॉकलंड बेटांवर झाली, पण त्या वयात त्या ऑपरेशननंतर एवढी सूट आपण देऊया.) ही गोष्ट मला इतक्या जणांनी ऐकवली की शेवटी शेवटी कुणी 'सात' म्हटलं की मी डोळे मिटून घ्यायचो.

सांगणारे गोष्ट इथेच संपवतात. खरी मजा पुढे आहे. त्यांच्या सर्जनने परवानगी देताना अट घातली होती, ठोके 130 च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. आणि साहेबांनीच नंतर सांगितलं की पल्स मोजायचं यंत्र सोबत घ्यायलाच विसरलो! सात खंड फिरले आणि ठोके किती पडत होते ते माहीतच नाही. (हशा) आता यातून 'बघा, काही मोजायला लागत नाही' असं घेऊ नका, तुमच्या घरचे मला फोन करतील. यातून घ्यायचं ते असं की हा माणूस 1992-93 मध्ये ह्याच स्ट्राउडबरोबर सामानाची स्लेज ओढत अंटार्क्टिका पायी ओलांडून आलेला, म्हणजे कितपत ओढलं की शरीर मोडतं हे त्याला आतून कळत होतं. शिवाय स्ट्राउड स्वतः डॉक्टर, सातही दिवस शेजारी पळतोय. तुमच्या शेजारी कोण पळतंय? नसेल कुणी तर चार महिने हा आकडा डोक्यातून काढून टाका.

भेटायला येणाऱ्या पहिल्या प्रकारच्या लोकांनाही उत्तर हवंच ना. पूर्वी हार्ट अटॅक आला की महिना-दीड महिना पाठीवर झोपवून ठेवायचे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला लेव्हाइन आणि लाउन या अमेरिकन डॉक्टरांनी पेशंटला लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेसुद्धा लोकांना भयंकर वाटलं. 1966 मध्ये डॅलसला विशीतल्या पाच तरण्याताठ्या पोरांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं, तर त्यांची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरायची ताकद, ज्याला आपण व्हीओटू मॅक्स म्हणतो, ती 27 टक्क्यांनी खाली आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं, पन्नाशीला टेकलेले, तर तीस वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांच्या झोपेने केलं होतं. म्हणजे ऑपरेशननंतर तुम्हाला जी धाप लागते त्यातली पुष्कळशी हार्टची नसतेच, पडून राहिल्याची असते. आणि टोरंटोच्या टेरेन्स कॅव्हनॉ यांनी तर हार्ट अटॅक येऊन गेलेले काही पेशंट तयार करून 1973 च्या बॉस्टन मॅरेथॉनला उतरवले, तेव्हा 'आता बास झालं' म्हणणाऱ्यांना हे नाव सांगायचं. पण त्यांनी लोकांना तयार केलं होतं, असेच नाही ढकलले.

तर दम. स्वीडनचे बोर्ग नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी कष्ट मोजायची एक पट्टी काढली, 6 ते 20. सहापासून कोण मोजायला सुरुवात करतं? तर तरुण निरोगी माणसाचे ठोके साधारण 60 ते 200, त्यातलं शून्य काढलं. आपण मात्र ते शून्य परत लावायचं नाही, कारण गोळी. आपण फक्त विचारायचं, कसं वाटतंय? 11 म्हणजे हलकं, 13 म्हणजे थोडं जड पण चालेल, 15 म्हणजे जड, 17 म्हणजे फार जड. रिहॅबमध्ये, म्हणजे ऑपरेशननंतरच्या देखरेखीखालच्या व्यायामात, साधारण 11 ते 13 वर ठेवतात. त्याहून सोपं म्हणजे बोलून बघा. पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तर बरोबर चाललंय. दोन-दोन शब्दांत तुटायला लागलं की पहिले काही महिने तिथे जायचंच नाही. गोळी ठोके दाबते, पण धाप लपवू शकत नाही. एकट्याने पळताना मोठ्याने बोला, लोक बघतील, बघू देत.

टेस्टचं काय मग? टेस्ट हवीच, फक्त मागताना नीट मागा. गोळ्या रोजच्यासारख्या चालू, आणि 85 टक्क्यांना न थांबता दम संपेपर्यंत किंवा ईसीजीत, बीपीत काही दिसेपर्यंत, डॉक्टर समोर उभे असताना. जमलं तर तोंडाला मास्क लावून श्वास मोजणारी, सीपीईटी म्हणतात ती. कुठल्या वेगाला तुमचा श्वास एकदम वाढतो ते ती दाखवते, गोळी असो नसो. डॉक्टरांना सांगा, मला नुसता जिना नाही चढायचाय, मला चार तास सायकल चालवायचीय. आपण हे सांगतच नाही आणि ते विचारत नाहीत.

काय? दहा मिनिटं? दहा कसली, आत्ताशी... बरं, बरं. वेळापत्रक. पटापट घेतो, लिहून घ्या.

पहिले सहा ते आठ आठवडे फक्त चालणं, सपाटीवर. आधी मिनिटं वाढवायची, वेग नंतर. छातीचं हाड जुळतंय, पाच किलोच्या आसपास किंवा त्याहून जड काही उचलायचं नाही, दोन्ही हातांनी ढकलायचं-ओढायचं नाही. बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तर तो पाय सुजतो, बसताना वर ठेवा. फार थकवा असेल तर हिमोग्लोबिन बघून घ्या, ऑपरेशनमध्ये रक्त गेलेलं असतं आणि आपण उगाच हार्टला दोष देत बसतो. पुढे बारा आठवड्यांपर्यंत एका जागेवरची सायकल, हँडल उंच, हातांवर भार नको. रस्त्यावरची सायकल बारा आठवड्यांनंतर, खड्ड्यामुळे नाही हो, पडण्यामुळे. पळणंही तेव्हाच, टेस्ट झाल्यावर, थोडं चाल थोडं पळ असं. पोहणं सगळ्यात शेवटी, कारण फ्रीस्टाइलचा प्रत्येक हात छातीचं हाड ओढतो, आणि उघड्या पाण्यात एकट्याने अजिबात नाही. वॉर्मअप आणि शेवटचं हळू होणं, दोन्ही दहा-पंधरा मिनिटं, कितीही घाई असली तरी, झटकन थांबलात की बीपी पडून चक्कर येते. मनगटातून स्टेंट घातलेल्यांनी हे वेळापत्रक वापरू नका, तुमचं हाड कापलेलं नाही, तुमचं वेगळं.

व्हॉल्व्हवाले, म्हणजे हार्टची झडप बदललेले. धातूचा असेल तर वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, जन्मभर, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, सांभाळायचं, घोळक्यात सायकल चालवणं परत एकदा विचार करून, आणि पळून आल्यावर दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही, ते बायपासवाल्यांनीही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. टिश्यूचा असेल तर वॉरफरिन बहुतेक सुटते पण दहा-पंधरा वर्षांत परत टेबलावर जावं लागू शकतं. महाधमनीचं ऑपरेशन झालेल्यांनी श्वास कोंडून जोर लावायचा नाही, बीपी भडकतं.

घड्याळ फेकून देऊ नका, त्याचा एक उपयोग आहे. ठोके एकदम कारण नसताना चढले आणि अनियमित झाले तर एएफ, म्हणजे हार्टचे वरचे कप्पे बेताल थरथरणं, असू शकतं, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत ते दर तीन-चार जणांत एकाला होतं, आणि वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं पळणाऱ्यांत तसंही जास्त दिसतं.

आणि काही जणांनी परत रेसला जायचं नसतं, हेही सांगतो. नॉर्मन स्टाडलर दोनदा आयर्नमॅनचा, म्हणजे पोहणं-सायकल-पळणं एका दमात करायच्या रेसचा, वर्ल्ड चॅम्पियन, 2011 मध्ये महाधमनीचं ऑपरेशन झालं, थांबला. सायकलपटू सोनी कोलब्रेली 2022 मध्ये रेस संपवून कोसळला, आयसीडी, म्हणजे ठोके बिघडले की आतून झटका देणारं यंत्र, बसवलं, इटलीच्या नियमात ते घेऊन व्यावसायिक रेस करता येत नाही, त्यानेही सोडलं. दोघांचं काही बिघडलं नाही. आपल्यातल्यांनी पहिली रेस वर्षाच्या आत करू नये, हे माझं मत आहे, शास्त्र नाही, भांडायचं असेल तर भांडू.

हो, चिठ्ठी बघितली, संपवतो. थांबायचं केव्हा: छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके वेडेवाकडे, किंवा काल सोपा गेलेला रस्ता आज विनाकारण जड. थांबायचं आणि फोन करायचा, घरी जाऊन बघू नाही. छातीचं हाड खोकताना कटकट वाजत असेल तर त्याच दिवशी सर्जनकडे. धातूच्या व्हॉल्व्हची टिकटिक वेगळी, ती रात्री शेजारच्याला ऐकू आली तरी काळजी नको. प्रश्न राहिलेत ते वरच्या मजल्यावर घेऊ, या सगळे, मात्र लिफ्टने नको, जिन्याने, आणि चढता चढता विचारा, म्हणजे मलाही कळेल कोणाचं वाक्य कुठे तुटतंय.