छपराचा पत्रा आणि त्याची सोबत

श्रोतेहो, नमस्कार.

घरावर धातूचं छप्पर घालायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती पत्र्यापासून. जस्ताचा घ्यावा की रंगीत, ॲल्युमिनियमचा की सरळ तांब्याचाच? माझं म्हणणं असं, की सुरुवात इथून करूच नये. पत्रा कशानं धरला जाणार आहे आणि त्याच्यावरून वाहिलेलं पाणी पुढे कशावर पडणार आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. धातूचं छप्पर पत्र्याच्या मधोमध क्वचितच गळतं. ते गळतं जोडावर, स्क्रूपाशी, भिंतीला टेकतं तिथे, पन्हळीच्या तोंडाशी.

आधी तांब्याबद्दल बोलू, कारण त्याची भुरळ मोठी आहे आणि ती रास्तही आहे. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटत जातो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. तांब्याचं तसं होत नाही. त्याची चकाकी लवकर जाते, मग ते तपकिरी होतं, काळपट होतं, आणि दमट हवेत बऱ्याच वर्षांनी हिरवट थर धरतं. हा थर मुख्यतः तांब्याच्या सल्फेटचा असतो, समुद्राजवळ क्लोराइडचाही. तो घट्ट चिकटून राहतो आणि खालच्या धातूचं रक्षण करतो. हवा कोरडी असेल तर मात्र हिरवा रंग यायला कित्येक दशकं लागतात, कधी येतही नाही. तेव्हा हिरव्या छपराचा फोटो पाहून तांबं घेणाऱ्यांना तपकिरी छप्परही आवडायला हवं. बहुतेक काळ ते तसंच दिसणार आहे.

तांबं किती टिकतं याचं एक उदाहरण सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे: न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. 1886 साली उभा राहिला. त्याचा तांब्याचा पत्रा जेमतेम 2.4 मिलिमीटर जाडीचा आहे, आणि शंभर वर्षांनी पाहिलं तेव्हा तो उत्तम होता. बिघडला होता तो आतला लोखंडी सांगाडा. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकू नयेत म्हणून बांधणाऱ्यांनी मध्ये ॲस्बेस्टॉसचा थर घातला होता. तो झिजला, खारट ओलावा आत शिरला, लोखंड गंजून फुगलं आणि त्यानं तांब्यातले रिव्हेट ओढून काढले. 1986 साली संपलेल्या दुरुस्तीत पत्रा धरणाऱ्या सांगाड्यातल्या लोखंडी पट्ट्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

घराच्या छपरावर हेच घडतं, फक्त लहान प्रमाणात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं, की त्यांच्यात वीज वाहते आणि दोघांतला जो रासायनिकदृष्ट्या जास्त क्रियाशील तो खाल्ला जातो. तांब्यासमोर जस्त, ॲल्युमिनियम आणि लोखंड, तिन्ही जास्त क्रियाशील. म्हणून तांब्याच्या पत्र्याला लोखंडी खिळा चालत नाही. खिळे तांब्याचे, पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे हवेत.

आणि इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. धातू एकमेकांना टेकायलाच हवेत असं नाही, नुसतं पाणी पुरतं. तांब्यावरून येणारं पावसाचं पाणी तांब्याचे अगदी सूक्ष्म अंश बरोबर आणतं. ते जस्ताच्या पन्हळीत पडलं, की जिथे धार लागते नेमका तिथेच जस्ताचा थर उडतो आणि भोकं पडू लागतात. उलट दिशेनं, जस्तावरून तांब्याकडे पाणी गेलं तर तांब्याला इजा होत नाही. एसीचं पाणीही यातच मोडतं. आतल्या तांब्याच्या नळ्यांवरून ठिबकणारं ते पाणी रोज एकाच जागी पत्र्यावर पडत राहिलं, तर बाकीचं छप्पर नवंकोरं असताना तेवढीच जागा गंजते. त्या पाण्याला स्वतंत्र प्लॅस्टिकची नळी जोडून ते छपराबाहेर काढा.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे. तांबं घालायचं तर पन्हळ, खिळे, कोपऱ्यांच्या पट्ट्या, सगळं तांब्याचं किंवा त्याला चालणारं घ्यावं. बजेट पत्र्यापाशीच संपत असेल तर तांब्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय तांब्यावरचं पाणी पिण्यासाठी साठवू नये आणि माशांच्या तळ्यात सोडू नये. माशांना तांबं फार थोड्या प्रमाणातही बाधतं.

आता बहुसंख्य घरांवर जो येतो तो पोलादी पत्रा. त्याचं आयुष्य वरच्या मुलाम्यावर ठरतं. साध्या जीआय पत्र्यावर जस्त असतं. गॅल्व्हल्यूम नावाच्या पत्र्यावरच्या मुलाम्यात वजनानं सुमारे 55 टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असतं, आणि उघड्या पावसात ते साध्या जस्तापेक्षा जास्त टिकतं. मात्र ओल्या सिमेंटशी त्याचं पटत नाही, आणि वाळवी लागू नये म्हणून तांब्याचे क्षार मुरवलेल्या लाकडाशीही नाही. दुकानात जाडी विचाराल तेव्हा ती मुलामा आणि रंग धरून सांगितली आहे की नुसत्या पोलादाची, हे विचारा. आणि मुलामा चौरस मीटरला किती ग्रॅम, तेही विचारा. जीआयवर Z275 लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजू मिळून 275 ग्रॅम जस्त. हा आकडा बिलावर लिहून घ्यावा.

पत्रा धरायचा कसा, हा दुसरा प्रश्न. धातू उन्हानं वाढतो. रात्रीच्या गारव्यापासून दुपारच्या तापापर्यंत पत्र्यात 50 अंशांचा फरक पडला, तर 10 मीटर लांबीत पोलाद 6 मिलिमीटर वाढतं, तांबं साडेआठ, ॲल्युमिनियम जवळजवळ 12. रोज वाढायचं, रोज आखडायचं. आरपार स्क्रू मारलेला पत्रा प्रत्येक स्क्रूला रोज हिसका देतो, भोक हळूहळू लांबट होतं आणि रबरी वायसर एका बाजूनं उचलला जातो. उभ्या घडीच्या पद्धतीत पत्र्यांच्या कडा वर वळवून एकमेकींत दुमडतात आणि घडीत लपलेल्या क्लिपा खालच्या फळ्यांना धरून ठेवतात. पत्र्याला भोक पडत नाही, सरकायला वाव राहतो. लांब पाख्यांवर मी हीच पद्धत सुचवेन, खर्च वाढला तरी.

स्क्रूच लावायचे असतील तर पन्हळी पत्र्यावर ते उंचवट्यावर लावावेत, खोलगट भागातून पाणी वाहतं. आणि वायसरकडे जवळून पाहा. बरोबर आवळलेला वायसर टोपीखाली किंचित दाबलेला असतो. टोपीबाहेर फुगून आलेला असेल तर उन्हात तो लवकर चिरतो. हातानं गोल फिरत असेल तर पहिल्याच पावसात पाणी आत येतं.

उष्णता आणि आवाज यांची भीती लोकांना जास्त वाटते. पावसाचा आवाज उघड्या कैचीवरच्या, म्हणजे छपराच्या नुसत्या सांगाड्यावरच्या पत्र्याचा असतो, खाली फळ्या आणि इन्सुलेशन घातलं की तो बराच उतरतो. उन्हाचं म्हणाल तर चकचकीत पत्रा ऊन परतवतो, पण जी उष्णता घेतो ती सहज सोडत नाही. पांढरा रंग दोन्ही कामं चांगली करतो. रात्री हाच पत्रा आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो आणि घरातली वाफ त्याच्या खालच्या अंगावर थेंब धरते. लोक त्याला गळती समजून वरून डांबर फासतात. तिथे हवी असते पत्र्याखालून खेळणारी हवा आणि घरातली वाफ अडवणारा थर.

शेवटी कामाच्या दिवसाचं. रंगीत पत्रा छपरावर ग्राइंडरनं कापू देऊ नका. ठिणग्यांबरोबर उडालेले लोखंडाचे तापलेले कण रंगात रुततात आणि ओल लागताच प्रत्येक कणाभोवती तांबूस ठिपका उमटतो. पत्रा कातरीनं किंवा निबलरनं, म्हणजे पत्रा कुरतडत कापणाऱ्या हत्यारानं कापावा, तोही जमिनीवर. स्क्रूच्या भोकांतला कीस रोज संध्याकाळी मऊ झाडूनं पन्हळीसकट झाडून घ्या, आणि कामगार शिडी काढण्यापूर्वी वर जाऊन एकदा स्वतः पाहा.

नमस्कार.