नाव ऐकू येईपर्यंत

[दृश्य: पहाटेचा अंधार. पोर्टलंड शहरावर रेंगाळलेलं धुकं.]

पहाटेचे साडेपाच. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन जाग्या झाल्या आहेत, पण अंथरुणातच पडून विचार करतायत. सव्वासहाला उठायचं, भरपेट न्याहारी करायची, सव्वासातला लिहायला बसायचं ते थेट दुपारच्या जेवणापर्यंत. मग वाचन, संगीत, पत्रांना उत्तरं, स्वयंपाक. एका मुलाखतीत त्यांनी आपला आदर्श दिवस असा सांगितला होता. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा पहिला पाऊण तास. हातात कागद नाही, पेन नाही. नुसतं ऐकत पडायचं.

[दृश्य: खिडकीबाहेर दूरवर हिमाच्छादित सेंट हेलेन्स.]

पोर्टलंड हे अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं शहर. थर्मन स्ट्रीटवरच्या घरात उर्सुला पन्नासहून अधिक वर्षं राहिल्या. लिहायच्या खोलीतून सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी दिसायचा. १८ मे १९८० रोजी त्याचा माथा उडाला, तोही त्यांनी घरातूनच पाहिला.

पण ऐकण्याची सवय पोर्टलंडची नाही, ती कॅलिफोर्नियातल्या बर्कलीची. तिथे १९२९ साली त्यांचा जन्म झाला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. उन्हाळ्यात सगळं कुटुंब नापा खोऱ्यातल्या मळ्यावर जायचं. रात्री शेकोटी पेटायची आणि वडील कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशांच्या कथा सांगायचे. त्यांनी त्या लोकांच्या तोंडून ऐकलेल्या. तीन मोठे भाऊ आणि ही धाकटी, सगळे आगीभोवती.

घरात पुस्तकांना तोटा नव्हता. त्यातलं एक वडील सारखं उघडायचे: चिनी तत्त्वज्ञ लाओ त्झूचं. एकदा ते त्यात खुणा करताना दिसले. लेकीनं विचारलं, तर म्हणाले, माझ्या अंत्यविधीला कोणती प्रकरणं वाचावीत ते ठरवतोय. पुढे ती खरोखर वाचली गेली. उर्सुलांना चिनी येत नव्हतं. त्या जुन्या प्रतीत मात्र प्रत्येक चिनी अक्षराखाली त्याचा अर्थ दिलेला होता. तेवढ्या आधारावर त्यांनी तरुणपणी काम सुरू केलं आणि १९९७ साली स्वतःची इंग्रजी आवृत्ती प्रसिद्ध केली. एका पुस्तकाशी इतकी वर्षं बोलत राहणारा वाचक विरळाच.

[दृश्य: टपालाची पाकिटं, टंकलेखन यंत्र.]

पहिली कथा त्यांनी अकराव्या वर्षी मासिकाला पाठवली. ती परत आली. मोठेपणीही जवळपास दहा वर्षं लेखन साभार परत येत राहिलं. दरम्यान लग्न, तीन मुलं. पती चार्ल्स इतिहासाचे प्राध्यापक. उर्सुला म्हणायच्या, एका माणसाला दोन पूर्णवेळ कामं झेपत नाहीत, पण दोघांना मिळून तीन झेपतात. मुलं झोपली की त्या लिहायला बसत.

[दृश्य: मोठ्या कागदावर हातानं काढलेली बेटं, समुद्र.]

१९६७ साली बर्कलीच्या एका छोट्या प्रकाशकानं कुमारवयीन वाचकांसाठी काही लिहायला सांगितलं. कथांमधले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारे. मग ते तरुण असताना कसे होते? विद्या शिकले कुठे? या प्रश्नापासून ‘अर्थसी’ ही बेटांच्या काल्पनिक जगातली कादंबरीमालिका सुरू झाली. उर्सुलांनी सर्वात आधी काय केलं, तर नकाशा काढला.

या जगात जादू म्हणजे खरं नाव ठाऊक असणं. माणसाला बाहेर वापरायचं नाव वेगळं आणि खरं नाव वेगळं. ते फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगायचं. पत्रिकेतलं नावरस नाव चारचौघांत सांगू नये, असं आपल्याकडे कित्येक घरांत बजावलेलं असतं. त्यामुळे हा धागा मराठी वाचकाला परका वाटू नये. आणि लेखिकेलाही हाच नियम लागू होता. नायकाचं नाव त्यांनी घडवलं नाही. कितीतरी दिवस कान देऊन त्या थांबल्या, वेगवेगळी नावं घेऊन पाहिली. शेवटी ते ऐकू आलं: गेड.

गेडचा रंग तांबूस-तपकिरी. हे त्यांनी जाणूनबुजून केलं होतं. तरी मुखपृष्ठांवर तो वर्षानुवर्षं गोरा छापला जात राहिला. त्याचं त्यांना दुःख होतं, आणि ते त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं.

तिसरा भाग १९७२ साली आला. चौथा लिहायला घेतला आणि थांबला. या जगातली सगळी सत्ता, सगळी विद्या पुरुषांच्या हाती. तिथली बाई काय म्हणते, ते काही ऐकू येईना. मधल्या काळात उर्सुलांनी लेखिकांचं लेखन नव्यानं वाचून काढलं. चौथा भाग १९९० साली आला. त्याच्या केंद्रस्थानी शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा आणि आगीत होरपळलेली एक लहान मुलगी. अठरा वर्षं! एवढं थांबायला धीर लागतो. तो त्यांच्याकडे होता.

[दृश्य: पुन्हा नकाशा. कॅमेरा हळूहळू जवळ.]

या नकाशात तीन चिमुकली बेटं आहेत. त्यांना उर्सुलांनी आपल्या मुलांची तान्हेपणीची लाडाची नावं दिली. याच मुलांना त्यांनी टोल्कीनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अजस्र कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवली. मुलं तीन, म्हणून तीनदा.

[दृश्य: दिव्याच्या उजेडात उलटणारं पान. आवाज फक्त पानाचा.]