पैज नवऱ्याची, खंजीर लुक्रेशियाचा

मंडळी, रोमच्या प्रजासत्ताकाची गोष्ट सुरू होते ती दारूच्या नशेत लागलेल्या एका पैजेपासून. टार्क्विन राजाच्या फौजेनं रोमजवळच्या आर्डिया शहराला वेढा घातलेला. वेढा रेंगाळला, तरुण सरदार पीत बसलेले, आणि जो तो सांगतोय, माझीच बायको गुणाची. कोलाटिनस म्हणाला, वाद कशाला, घोडे काढा, जाऊन बघू! राजाच्या सुना मेजवानीत रंगलेल्या सापडल्या. कोलाटिनसच्या घरी पोचेतो रात्र बरीच झाली होती, तरी त्याची बायको लुक्रेशिया दासींबरोबर दिव्याच्या उजेडात लोकर घेऊन बसली होती.

लोकरीचा हा तपशील रोमन श्रोत्याला पुरेसा असे. क्लॉडिया नावाच्या एका रोमन बाईच्या थडग्यावरचा लेख संपता संपता एवढंच सांगतो: घर सांभाळलं, लोकर कातली.

पैज नवरा जिंकला. पण त्याच रात्री राजपुत्र सेक्स्टसची नजर तिच्यावर पडली. काही दिवसांनी तो पाहुणा म्हणून आला. मरणाच्या धमकीला ती बधेना. तेव्हा तो म्हणाला, तुला मारून शेजारी गुलामाचं प्रेत ठेवीन, मग लोक काय म्हणतील? तिथं ती हरली. दुसऱ्या दिवशी तिनं वडील आणि नवऱ्याला बोलावून सगळं सांगितलं. तेही म्हणाले, पाप मनाचं असतं, शरीराचं नव्हे. तिनं ते मान्य केलं, आणि तरी वस्त्रात लपवलेला खंजीर छातीत खुपसला. लुक्रेशियाचं नाव पुढं करून कुणा कुलटेनं जगू नये, म्हणाली.

मला तो खंजीर नवऱ्याबरोबर आलेल्या ब्रूटसनं (सीझरला मारणारा तो हा नव्हे) उपसला त्या क्षणाशी थांबावंसं वाटतं. रक्त निथळत असतानाच त्यानं शपथ घेतली, प्रेत चौकात नेलं, राजघराणं हाकललं. परंपरेनं साल दिलंय इसवी सनपूर्व 509. राजाच्या जागी आलेले पहिले दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, कोण? ब्रूटस आणि कोलाटिनस! पैजेबद्दल त्याला कुणी जाब विचारला नाही. पुढं त्याला पद सोडावं लागलं, पण कारण वेगळं: त्याचंही नाव टार्क्विन होतं.

हे लिहिणारा रोमन इतिहासकार लिव्ही जवळजवळ पाच शतकांनंतरचा, तेव्हा इतिहास किती आणि दंतकथा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पुढं इसवी सन चारशेदहा साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं, बायकांवर अत्याचार झाले. त्यातून जगलेल्या बायकांची बाजू घेताना संत ऑगस्टीननं पेच टाकला: लुक्रेशिया व्यभिचारी असेल तर स्तुती कशाला, आणि शुद्ध असेल तर मरण कशाला? प्रश्न बिनतोड आहे. पण तो विचारलाय तिलाच.

चित्रकारांनी तर तिला सोडलंच नाही. बहुतेकांना उघडी छाती आणि चमकतं पातं हवं असतं. रेम्ब्रांटचं 1666 चं चित्र मात्र जरूर बघा. वार होऊन गेलाय. पांढऱ्या कपड्यावर ओला लाल डाग पसरतोय, उजव्या हातात अजून खंजीर आहे, आणि डाव्या हातानं तिनं एक दोरी धरलीय. बहुधा नोकरांना बोलवायच्या घंटेची.